रेघवाल्या बाई

तुमसरात आमच्या घराजवळ ज्या बाईंची लॅब होती, त्यांना गावातले लोक 'रेघवाल्या बाई' म्हणत. ज्या आकड्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसत नसे, तो त्या रिपोर्टात लिहीत नसत. त्या खान्यात पेनानं आडवी रेघ ओढत. लोक तपासणीला येतात ते आकड्यासाठी. रेघ घेऊन घरी जायला कोणालाच आवडत नसे.

सकाळी शटर अर्धंच वर असे. बाहेर लोक ताटकळत, आत बाई ठरावीक आकड्याचं सीरम मशीनला देऊन ती तोच आकडा दाखवते का ते पाहत. कोणी कुरकुरलं की आतून आवाज येई, "आधी मशीनची परीक्षा, मंग तुमची." रात्रभर लाइन गेलेली असली आणि फ्रिज गरम झालेला असला, तर त्या दिवशी काम बंद. चालत आलेल्या माणसाला त्या आधी बसवून ठेवत. "दम घ्या जी. रक्त घाईत खोटं बोलते."

जीभ मात्र तिखट. सिहोऱ्याहून एक म्हातारबा उपाशीपोटी म्हणून आले होते.

"काही खाल्लं का?"

"नाही बाई. फक्त चहा. अन् चहासंगं दोन टोस्ट."

"मंग ते टोस्ट काय हवा हाय का? जा, उद्या या."

"काहून जी? एवढ्या दुरून आलो."

"दुरून आलात म्हणून रक्तातली चरबी कमी होते का?"

सगळे हसले, म्हातारबाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच उपाशी आले. आमच्याकडे चहाला खाणं म्हणत नाहीत, त्यामुळे ही चूक रोजचीच होती.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, धानाचे व्यापारी. बाजारात त्यांचा शब्द चाले. डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती. पुढची तपासणी आली ती नेमकी लग्नसराईत. रोज कुठं ना कुठं पंगत. आदल्या रात्री करडी गावाला उशिरापर्यंत जेवण झालं आणि सकाळी दादा लॅबमध्ये गेले. मी बरोबर होतो. बाईंनी रक्ताची नळी मशीनमध्ये गरागरा फिरवून खिडकीकडे धरली. वरचं पाणी नितळ पिवळं असायला हवं, ते दुधासारखं पांढरं होतं. रिपोर्टात बाकीचे आकडे आले. 'खराब कोलेस्टेरॉल'समोर रेघ.

"हा खाना रिकामा काहून?" दादांनी विचारलं.

"तो आकडा माझी मशीन मोजत नाही, बाकीच्या आकड्यांतून वजाबाकी करून काढावा लागते. चरबी इतकी वाढली की वजाबाकी चुकते, अन् खराब कोलेस्टेरॉल आहे त्याहून कमी दिसते. आठ दिवस साधं जेवा अन् परत या. नाही तर नागपूरले पाठवून थेट मोजून आणते."

दादा म्हणाले, "अंदाजानं टाका ना काहीतरी."

बाई म्हणाल्या, "धानाची पोती तोलता तसं एकदा सोतालेबी तोला, शेठ. काटाच मोडन."

बाकड्यावर बसलेले लोक खो खो हसले. त्यांत बाजारातले दोन हमालही होते. दादा उठले, चप्पल घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी, चहा-पोहे करून, ते दुसऱ्या एका लॅबमध्ये गेले. तिथं सगळे खाने भरून मिळाले आणि खराब कोलेस्टेरॉल छान कमी निघालं. दादांनी पेढे आणले. मी त्यांना ती वजाबाकी कागदावर मांडून दाखवली. "तू त्या बाईचा वकील होय का रे?" म्हणाले. डॉक्टरांना न विचारता त्यांनी गोळी सोडली.

धान बाजारात यायच्या दिवसांत, ढिगाजवळ उभे असतानाच दादा कोसळले. भंडाऱ्याला पोचेपर्यंत गेले होते. एका आकड्यानं गेले असं मी म्हणणार नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, आणि वडीलही हृदयविकारानंच गेले होते. पण गोळी सुटली नसती तर बरं झालं असतं, एवढं म्हणता येतं.

बाई भेटायला आल्या. वहिनींजवळ बराच वेळ बसल्या. निघताना दारात मला म्हणाल्या, "भाऊ, माझं गणित बरोबर होतं. पण मी लोकांले त्या माणसावर हसवलं. मंग तो माणूस परत कसा येईन?"

त्यानंतर लॅबमधलं हसणं बंद झालं. रेघ तशीच ओढत, पण त्या माणसाला आतल्या खोलीत नेऊन हळू आवाजात समजावत. चहा पिऊन आलेल्यांना नुसतं "उद्या या जी" म्हणत. काम तेवढंच चोख होतं, पण सकाळची ती बाकड्यावरची गंमत गेली.

गेल्या वर्षी बाई लॅब बंद करून नागपूरला बहिणीकडे गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी तपासणी करून घेतली, आणि माझ्याही रिपोर्टात रेघ आली. बाईंनी मला आत नेलं, खुर्ची दिली, सगळं सावकाश सांगितलं. मला ते पाठ होतं, तरी ऐकलं. चारचौघांत माझ्या पोटावरून दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. सगळ्या तुमसराला दारातून परत पाठवणाऱ्या त्या बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आठ दिवसांनी याल ना जी? नक्की याल ना?"

"येतो बाई," मी म्हणालो. तरी त्यांनी आणखी एकदा विचारलं.