वरची फट

त्या हिवाळ्यात आमची कंपनी लडाखमध्ये होती आणि माझं सेक्शन सगळ्यात वरच्या पोस्टवर. मी तेव्हा हवालदार. रस्ता एकदा बंद झाला की उन्हाळ्यापर्यंत खाली उतरणं नाही. काम ठरलेलं. सेंट्री ड्यूटी, बर्फ उपसणं, लिंक पेट्रोल म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, आणि संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. बूट-मोजे काढायचे आणि जोडीदाराने जोडीदाराच्या पायाची बोटं तपासायची. मोजा ओला सापडला तर शिक्षा दोघांना. हिमदंश ओल्या पायाला आधी धरतो.

हे सगळं मी अनघाला सांगत होतो, आता इथे परदेशात, जुरोंग ईस्टला, आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर. अनघा आमच्याच मजल्यावर राहणारी पोस्टडॉक. तिला कॅनडात नोकरी लागली आहे आणि तिकडे परसात कोंबड्या पाळायच्या आहेत. त्यांना थंडीत कसं जपायचं, हे विचारायला ती माझ्याकडे आली. समोर हिरवळीवर इथल्या मोकाट कोंबड्या पिल्लं घेऊन चरत होत्या. हवा इतकी दमट की शर्ट पाठीला चिकटलेला. अशा हवेत ती पोस्ट आठवली की वाटतं, ते दुसऱ्याच कोणाचं स्वप्न आहे आणि चुकून मला पडलंय.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. फौजेत राहून बी.ए. केलं, आज इथल्या शिपयार्डात सेफ्टी सुपरवायझर आहे. अभिमान आहे, लपवत नाही. पण कोंबड्यांचं जे काही कळतं ते त्या पोस्टवर कळलं.

कोंबड्या नायक बाळू येळेच्या. माण तालुक्यातला गडी. उन्हाळ्यात खालच्या गावातून सहा कोंबड्या आणि एक कोंबडा त्याने रेशनच्या गाडीतून वर आणला. कंपनी कमांडर, म्हणजे ओसी साहेब, आमच्याच पोस्टवर असायचे; त्यांनी एकाच अटीवर ठेवू दिल्या. "तकलीफ नहीं होनी चाहिए. हुई, तो लंगर." लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर.

बाळूने खोक्यांच्या फळ्यांचं खुराडं बांधलं. गारठा वाढला तसं ज्याने त्याने काहीतरी आणून दिलं. फाटकी ब्लँकेटं, पॅराशूटचं कापड, ताडपत्रीचे तुकडे. कुठे म्हणून फट ठेवली नाही. आम्ही सगळे उन्हाच्या मुलखातले. थंडी आली की दार लावून घ्यायचं, इतकंच ठाऊक.

तरी एका सकाळी कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं राखेसारखी पांढुरकी दिसली. हा रंग आम्ही माणसांच्या बोटांवर पाहिला होता. बाळूने खुराड्यावर आणखी एक ब्लँकेट टाकलं. अट त्याला पाठ होती. दुपारी रेडिओवर खालून निरोप आला. "वादळ येतंय. हालचाल बंद. ओव्हर."

मी खुराड्यात हात घातला. छताला आतून बर्फाच्या सुया लोंबत होत्या. खालचं गवत ओलं. आत पाणी कुठून आलं? कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून. आम्हीच ते कोंडून ठेवलं होतं.

"बाळू," मी म्हटलं, "मोजा ओला आहे."

त्याने गवत चिमटीत धरून पाहिलं. मग करवत आणायला गेला.

ओसी साहेबांनी विचारलं, वादळ तोंडावर असताना खुराड्याला भोक? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "करो."

वाऱ्याच्या उलट बाजूला, छताला लागून, कोंबड्यांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर लांब फट पाडली. ओल वर निघून जावी, पण बसल्या जागी वारा लागू नये. ओलं गवत काढून कोरडा भुसा पसरला. बसायला गोल काठी होती, तिच्या जागी रुंद फळी आडवी टाकली, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. पाण्याचं भांडं रात्री बाहेर. तुरा चोळायचा नाही, शेकायचा नाही. माणसांच्या हिमदंशाचा नियमच इथेही.

लंगरचा शिंदे हे बघत उभा होता. म्हणाला, "येळे, उद्या सकाळी रस्साच करायचाय ना?"

"मीठ बेतानं घाल," बाळू म्हणाला. हात थांबला नाही.

वादळात दिवस आणि रात्र यांतला फरक गेला. सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्याच्या आत कुठेतरी खोलवर कोंबड्यांची बारीक कुरकुर. मी डुलकीत ती ऐकायचो आणि वाटायचं, गावी आहे, ओसरीवर झोपलोय.

वारा पडल्यावर आम्ही खुराडं उकरून काढलं. आत कोरडं होतं. कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं पुढे काळी पडून गळली, पण हिमदंश तिथेच थांबला. बाळूने एकेकीला मांडीवर घेऊन पाय तपासले.

"सगळे हजर, साहेब."

ओसी साहेबांनी वाकून पाहिलं आणि लंगरचा विषय पुन्हा काढला नाही.

अनघाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, ते बाळूकाका आता कुठे असतात? त्यांनाच फोन करून विचारते अजून."

तेव्हा पुढचंही सांगावं लागलं. त्याच हिवाळ्यात, वादळानंतर, बाळू लिंक पेट्रोलवर गेला. उतारावरचं बर्फ सुटलं. मी रेडिओ सेटवर होतो. "एक जवान बर्फाखाली. शोध चालू. ओव्हर." संध्याकाळी त्याचा देह सापडला. त्या दिवशी फूट इन्स्पेक्शनला त्याचा जोडीदार एकटाच बूट काढून बसला. मी त्याच्यासमोर बसलो आणि त्याची बोटं तपासली. नंतर खुराड्याचा भुसा बदलायला गेलो, तर ओसी साहेब आधीच तिथे होते. आम्ही दोघांनी मिळून बदलला.

उन्हाळ्यात पोस्ट दुसऱ्या युनिटच्या ताब्यात दिली. त्यांच्या हवालदाराला मी खंदक-मोर्चे दाखवले, दारूगोळा मोजून दिला. खुराड्यापाशी तो थांबला. सहा कोंबड्या, एक तुटक्या तुऱ्याचा कोंबडा. वरच्या फटीकडे बघून म्हणाला, थंडीआधी ही बुजवून घेतो.

मी म्हटलं, बुजवू नका. नायक बाळू येळेने पाडली आहे. त्याने मान हलवली. मी नाव पुन्हा एकदा सांगितलं.