नानामामानं धरलेली जागा

पारोळ्याच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून एक टॉवेल आत पडे. तो नानामामाचा. उतरणारे अजून उतरलेले नसत आणि हा बाहेर निवांत तंबाखू मळत उभा, कारण जागा झालेली असे. माझ्या आईचा हा थोरला भाऊ कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याचा टॉवेल सरकवून कोणी बसलं, तर गाडी सुटू द्यायचा नाही.

ती जागा मात्र स्वतःसाठी नसे, धाकट्या भावासाठी असे. दोघं अमळनेरच्या कॉलेजात जात तेव्हापासूनची ही सवय. बापूमामा रोज उशिरा, ओल्या केसांनी, शर्टाची बटणं लावत पळत यायचा. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला की नानामामा शांतपणे म्हणे, "जराखा थांबा. मना भाऊ येई राह्यना." पुढे नानामामानं कॉलेज सोडून कपाशी धरली आणि बापूमामा शिकत शिकत थेट डेन्मार्कला पोचला. तिकडेच संसार थाटला. आधी दिवाळीला यायचा, मग दिवाळीला त्याचा फोन यायला लागला.

मी नोकरीसाठी कोपनहेगनला गेले आणि थोड्याच दिवसांत बापूमामाचा आजार कळला. बरा होण्यातला नव्हता. नानामामानं त्या वयात पासपोर्ट काढला. भावाला घरी आणायचं, उरलेले दिवस त्यानं आपल्या ओट्यावर काढायचे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बापूमामाचं गाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. देश असून असून केवढा, आपल्या चार-पाच जिल्ह्यांएवढा. आधी आगगाडी, मग बस. गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत हे पाहून मामा बेचैन झाला. शेवटी उतरणाऱ्यांना ढकलत आत घुसला आणि अर्ध्या रिकाम्या डब्यात माझ्यासाठी टॉवेल पसरून बसला. मला हसू आवरेना. इथं राखीव जागेवर दिवा लागतो, असं मी सांगितलं. दिव्याचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं. समुद्रावरचा लांबच लांब पूल आला, तेव्हा तापीला जोडायचा तसे त्यानं हात जोडले.

दवाखान्यात बापूमामा उशीला टेकून बसला होता. दोघं बराच वेळ बोंडअळीबद्दलच बोलले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विमानाचा प्रवास यांना झेपणार नाही. ते मीच नानामामाला सांगितलं. तो खाली मान घालून टॉवेलाची घडी घालत राहिला. निघताना बापूमामानं त्याचा हात धरला.

"नाना, तू जाय पुढे. जागा धरी ठेव. मी येस मागून."

परतीच्या प्रवासात बसमध्ये आणि पुढे गाडीतही मामाच्या शेजारच्या सीटवर टॉवेल होता. मी समोर बसले. ओडेन्सला गर्दी चढली. एका बाईंनी ती सीट रिकामी आहे का, असं खुणेनं विचारलं. मी टॉवेलाला हात घालणार तोच मामा त्यांना म्हणाला, "मना भाऊ येई राह्यना." त्यांना काय कळलं कोण जाणे, मान हलवून त्या पुढे गेल्या. कोपनहेगन येईपर्यंत मामा काचेकडे तोंड करून रडत होता. मीही.

आम्ही सगळे बापूमामाच्या बातमीची धास्ती घेऊन बसलो होतो, आणि फोन आला तो पारोळ्याहून. कपाशीची वेचणी चालू असताना नानामामा बांधावर पाणी प्यायला बसला, तो बसल्या जागीच गेला. धडधाकट माणूस. मला कितीतरी दिवस ते खरंच वाटेना.

हे बापूमामाला फोनवर सांगवेना. मी पुन्हा तीच गाडी धरली, तीच बस. या वेळी शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. बापूमामाला आता उठून बसताही येत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. ते न उघडताच म्हणाला, "मनाकरता जागा धराले गया व्हई."

पुढच्या आठवड्यात तोही गेला. या खेपेला त्यानं नानाला फार ताटकळत ठेवलं नाही.