दुसरं नाक

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, कशालाही थेट नाक लावत नसत. भांडं हातभर लांब धरायचं, दुसऱ्या हाताचा पंजा त्यावरून आपल्याकडं हलवायचा आणि येईल तेवढाच वास घ्यायचा. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ती ही शिस्त. नानांनी ती घरीही सोडली नाही. दूध, आमटी, बाजारातून आणलेले टोमॅटो, आमचे शाळेचे कपडे, सगळ्यांवरून त्यांचा पंजा फिरायचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत पुढं आलेल्या चहाच्या कपावरही तो फिरला, तेव्हा माझे होणारे सासरे काळजीत पडले. आई त्यांना म्हणाली, "मनावर घेऊ नका. मला बघायला आले तेव्हा पोह्यांनाही असंच केलं होतं."

नाना जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. शिकून पिंपरीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कापड रंगवायची पावडर तिथं तयार व्हायची. ती कितीही धुतली तरी अंगातून जात नसे, रात्री घामावाटे उतरायची. त्यामुळं नानांच्या उशीचा अभ्रा कधी पिवळा असायचा, कधी निळा. आई सकाळी अभ्रा बघूनच म्हणायची, "सध्या लाल चाललाय वाटतं." कामावरून आल्यावर आंघोळ होईपर्यंत ते आम्हा भावंडांना जवळ येऊ देत नसत, आणि आंघोळ झाल्यावर जेवायची वेळ झालेली असे. लाड करणं त्यांना फारसं जमलंच नाही. कुणी नुसतं "वास येतोय" म्हणालं, की "कशाचा?" हा प्रश्न ठरलेला. "छान" किंवा "घाण" हे उत्तर त्यांना चालत नसे. मला लहानपणी याचा फार राग यायचा.

निवृत्तीनंतर दोघं बोरीला परत आले आणि शेताच्या कडेला छोटं घर बांधून राहिले. गावात नानांचं नाव 'साहेब' पडलं. लोक फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन यायचे. "साहेब, जरा हुंगून सांगा राव, असली हाय का नकली?"

"नाकानं कळत नाही. दुकानदाराकडनं बिल घेत जा."

"ते खरं हो, पण हुंगा तरी."

शेवटी नाना वैतागून पंजा हलवायचे. ते काय बोलले हे न ऐकताच माणूस समाधानानं परत जायचा.

खरी परीक्षा घेणारा माणूस एकच, जुन्नरचे अत्तरवाले चाचा. अत्तर, सुरमा, उदबत्त्या मोटरसायकलवर बांधून ते बेल्ह्याच्या बाजाराला जायचे आणि परतताना आमच्याकडं चहाला थांबायचे. खिशातून चिठ्ठी न लावलेल्या तीन कुप्या काढायच्या, एकेक नानांच्या पुढं धरायची, आणि नानांनी ओळखायचं, कुठलं काय आणि भेसळ कशात. नानांनी बरोबर सांगितलं तरी चाचा लगेच मान्य करत नसत. वाद घालायचे, दुसऱ्यांदा हुंगायला लावायचे. आई चहा गाळताना म्हणायची, "दोघांनाही दुसरा उद्योग नाही." पण वाळ्याच्या जुड्या ती आता त्यांच्याकडूनच घ्यायची. तिची ती सवय आम्ही लहान असल्यापासूनची. एक उन्हाळ्यात पाण्याच्या माठात आणि एक कायमची साड्यांच्या कपाटात. आईच्या पदराला बारा महिने वाळ्याचा वास यायचा. लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना तो येतो.

आई गेली. दिवस झाल्यावर भाऊ म्हणाला, "नाना, पुण्याला चला." नाना नको म्हणाले. मी जवळच आंबेगाव तालुक्यात, मंचरला राहते. दर रविवारी जाऊन बघीन असं मी कबूल केलं आणि तो विषय तेवढ्यापुरता मिटला.

पुढच्या हिवाळ्यात दूध जळालं. नाना शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. पातेलं काळं पडलं, धूर शेजारच्या मावशींच्या ओट्यापर्यंत गेला, तेव्हा त्या धावत आल्या. त्यांनीच भावाला फोन केला. "तुमच्या नानांना लई करपलेला वास पन आला न्हाई." रविवारी भाऊ पुण्याहून आला. त्यानं सरळ विचारलं, "नाना, गॅसचा वास तरी येतो ना?"

"येतो की."

"नसेल येत तर शेगडी बंद आणि तुम्ही माझ्याकडं. यात आता ऐकून घेणार नाही."

त्याचं चूक नव्हतं. पण ते घर सोडून पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाना किती दिवस काढतील, याची मला धास्ती वाटत होती. भाऊ जेवायला थांबला होता आणि तेवढ्यात चाचांची मोटरसायकल वाजली. जवळच्याच गावात एका लग्नघरी अत्तर पोचवून ते सहज वाट वाकडी करून आले होते.

त्यांनी नेहमीसारखी पहिली कुपी काढली. भाऊ खुर्ची पुढं ओढून बसला. नानांनी कुपी लांब धरली, पंजा हलवला, डोळे मिटले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथपर्यंत मला वास स्पष्ट आला.

"गुलाब," नाना म्हणाले.

चाचांनी कुपीला हळूच बूच लावलं. "बरोबर, साहेब," ते म्हणाले आणि उरलेल्या दोन कुप्या त्यांनी काढल्याच नाहीत.

भावाला बारा महिने सर्दी असते. ज्या घरात नाकाचा एवढा दरारा, त्या घरात याला नाक असून नसल्यासारखं. तो निर्धास्त झाला आणि उन्हं कलायच्या आत पुण्याला निघून गेला. मी चाचांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

"ताई, वाळा व्हता तो," ते म्हणाले.

"कळलं मला."

"दुसरं कायबी चुकले असते तर मी भांडलो असतो. वाळा कसा चुकंल हा मानूस?" त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

आत आले तर नाना स्वयंपाकघरात उभे होते. दाढीचा जुना ब्रश साबणाच्या फेसात बुडवून ते गॅसच्या नळीला, रेग्युलेटरच्या सांध्याला फेस लावत होते. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते फेसाकडं निरखून बघत राहिले.

"गळत असेल तर बुडबुडा येतो," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "शेगडी पेटवायच्या आधी रोज करतो. कारखान्यातही हेच करायचो. नाकावर गॅस सोपवायचा नसतो."

"आणि दूध?"

"दुधाचं चुकलं. आता समोरून हलत नाही." त्यांनी ब्रश धुवून उपडा ठेवला. "चाचा खोटं बोलले. वाद न घालता बरोबर म्हणणारा माणूस नाही तो. काय होतं?"

मला सांगावंसं वाटेना. पण या माणसापुढं गुळमुळीत उत्तर कधी चाललं नव्हतं.

"वाळा."

नळीवरचा फेस नानांनी फडक्यानं पुसला, पुसून झालेली नळी परत पुसली. मग म्हणाले, "आईचं कपाट उघड. वरच्या कप्प्यात वास येतो का बघ."

मी आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं; नाना मागोमाग आले. त्यांनी शिकवल्याप्रमाणं लांबून पंजा हलवला. "येतो."

"कशाचा?"

"डांबरगोळ्यांचा. आणि त्याच्याखाली वाळ्याचा. जुना झालाय, पण आहे."

नाना पलंगावर बसले. "मी रोज उघडून बघत होतो," ते म्हणाले. "आधी कमी झाला, मग गेलाच. पण कपाटातला गेला की माझ्यातला, हे एकट्याला कळत नाही. त्याला दुसरं नाक लागतं. आणि विचारलं असतं तर तुम्ही मला इथनं हलवलं असतं." थोड्या वेळानं म्हणाले, "कपाटात आहे ना, मग ठीक आहे."

मला नानांविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात मी भावाला सगळं सांगितलं, वाळ्याचं आणि ब्रशचंही. तो चिडला. दुसऱ्या रविवारी येऊन त्यानं गॅस गळला की ओरडणारं यंत्र भिंतीवर बसवलं. नाना त्याला 'तुझ्या भावाचं नाक' म्हणायचे आणि रोज पुसून ठेवायचे. फेसाचा ब्रश काही सुटला नाही. पण पुण्याला जायचा विषय पुन्हा निघाला नाही. नाना शेवटपर्यंत बोरीतच राहिले.

रविवारी माझं पहिलं काम कपाट उघडून हकिकत सांगायचं. नाना पलंगावरून ऐकायचे. वास दरवेळी थोडा कमी होत गेला आणि तेही मी तसंच सांगितलं. चाचा नवी जुडी द्यायला तयार होते, पण ती नानांना चालली नसती. नानांच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी पंजा हलवला आणि फक्त कपाटाच्या लोखंडाचा वास आला.

"नाना, आता नाही येत."

त्या दिवसांत त्यांना उठवत नव्हतं. पलंगावरूनच म्हणाले, "जुडी काढ. ताटलीत ठेव आणि पाणी शिंपड."

हे मला सुचायला हवं होतं. लहानपणापासून माठात तेच तर बघितलं होतं. काड्या झालेल्या त्या जुडीवर मी पाणी शिंपडलं आणि ताटली त्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवली. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम आला. माझा चेहरा बघून नाना कोपरावर उठायला लागले.

"आला?"

"आला."

"कशाचा?"

"आईचा," मी म्हणाले.

ते उत्तर नानांनी चालवून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "जुडी नीट वाळवून मग ठेव, नाहीतर साड्यांना बुरशी धरेल."

मी जुडी घेऊन बाहेर उन्हात पसरून आले. परत आले तेव्हा नाना कुशीवर वळले होते. ताटलीत राहिलेल्या पाण्यावरून ते हातानं हवा आपल्याकडं ओढत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा. मी दारातच थांबले.