‘परत येणार का?’ असं विचारणाऱ्यांना

माझा चेहरा मुळातच रागीट आहे. मी गप्प बसले तरी समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. या चेहऱ्याचा पहिल्यांदा उपयोग झाला तो डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये.

माझी फ्लॅटमेट नायजेरियाची. भूजलावर पीएच.डी. करत होती. मी मास्टर्स संपवून तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. शनिवारी दुपारी ती लॅपटॉप उघडून बसायची आणि तिच्याकडच्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठांच्या मुलाखतींचा सराव द्यायची. उन्हाळ्यात तिथलं आणि आमचं घड्याळ एकच चालतं, त्यामुळे सोपं जायचं.

“आजपासून मुलाखत तू घे,” ती एकदा म्हणाली. “मी घेतली की सगळे ‘आँटी, आँटी’ करत हसतात. तुला घाबरतील.”

मग मी केस घट्ट बांधून, ऑफिसचा कोट चढवून बसायला लागले. कोटाखाली पायजमा. समोर पडद्यावर एकेक जण यायचं. कुणाच्या मागे जनरेटर घरघरत असायचा, कुणी वीज गेल्यामुळे फोन चार्ज करायला शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसलेलं असायचं. सगळ्यांचं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीत झालेलं, तरी इंग्रजी येतं हे दाखवायची परीक्षा बहुतेकांनी दिलेली. ती मीही दिली होती, आणि दोघींनी त्यावर पोट धरून हसूनही घेतलं होतं.

तिकडे देश सोडून जाण्याला एक शब्द आहे, जापा. योरुबा भाषेतला. अर्थ साधारण ‘सटकणं’. मुलं तो मजेत वापरायची. ‘आँटी, मी पण जापा!’ पण मी शेवटचा प्रश्न विचारला की सगळी एकदम गंभीर व्हायची. “शिक्षण झाल्यावर देशात परत जाणार का?” आणि मग पाठ केलेलं उत्तर यायचं. होय, माझ्या देशाला माझी गरज आहे, मी सेवा करीन. उत्तर फ्लॅटमेटनंच लिहून दिलेलं होतं.

एका शनिवारी एक मुलगी आली. इबादान शहरापासून काही तासांवरच्या गावातली. इंजिनीअरिंग झालेलं, आता रुग्णालयातली यंत्रं बनवण्या-दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. बसायची ताठ, बोलायची हळू. मी तिला तिच्या विषयातलं विचारलं, तिनं इतकं नीट सांगितलं की मला रागीट राहणं अवघड जायला लागलं. शेवटी मी तो प्रश्न टाकला.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“असं कसं माहीत नाही?”

“मॅडम, मी परत येण्यासारखं इथे काही होणार आहे का, ते आधी माझ्या सरकारला विचारा. त्यांनी हो म्हटलं की मला विचारा.”

लॅपटॉपच्या मागे बसलेली फ्लॅटमेट उठून कॅमेऱ्यासमोर आली. “असं बोललीस की संपलं! त्यांना हवं ते बोल, आत ये, मग तुला हवं तसं जग. आम्ही सगळ्यांनी तेच केलं.”

“आँटी, तुम्ही केलंत. मी नाही करणार.”

फ्लॅटमेटनं तिला म्हटलं की निदान हाच विषय का निवडला ते तरी नीट सांग. तेव्हा ते कळलं. तिच्या मावशीची मूत्रपिंडं गेलेली. गावच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिस चालायचं. वीज गेली आणि यंत्राची बॅटरीही संपली, की बाहेर आलेलं रक्त परत अंगात घालायला यंत्राच्या पंपाची मूठ हातानं गोल फिरवावी लागते. नर्स एक, यंत्रं अनेक. मग नातेवाइकांनी फिरवायची. ती मूठ तिनं कितीदा फिरवली होती. मावशी तिच्याकडे बघत पडलेली असायची आणि म्हणायची, घाई करू नकोस, सारख्या वेगानं फिरव.

मग मी, शहाणपणा करायचा म्हणून, म्हटलं, “अगं, हेच लिही ना अर्जात! हेच बोल मुलाखतीत. कुणीही नाही म्हणणार नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “ते माझ्या मावशीचं आहे. शिष्यवृत्तीसाठी मी ते वापरणार नाही. मला यंत्र कळतं म्हणून घ्यायचं तर घ्या. तुम्हाला रडू आलं म्हणून नको.”

फ्लॅटमेटनं कपाळावर हात मारला. कॉल संपल्यावर ती बराच वेळ प्रेसमधून डबे काढत आणि परत ठेवत राहिली. प्रेस म्हणजे इकडचं स्वयंपाकघरातलं कपाट. राग आला की तिचं ते चालायचं. “गर्विष्ठ आहे,” ती म्हणाली. मला ती मुलगी भयंकर आवडली होती.

त्याच सुमारास माझे बाबा अमरावतीहून आले. जन्मभर वीज खात्यात काढलेला माणूस. रिटायर झाले तरी रस्त्यानं चालताना मान वर, तारांकडे. आल्यापासून त्यांनी मला एकच प्रश्न लावला होता, “परत कधी येतं मंग?” मी विषय बदलायचे. पुढच्या शनिवारी ते सोफ्यावर बसून आमची मुलाखत बघत होते. तीच मुलगी होती. तिचं ‘माहीत नाही’ ऐकलं आणि बाबा सरळ पडद्यासमोर येऊन बसले.

“तिले सांग,” ते मला म्हणाले, “आमच्या काळीही लोकं जात होते. मले भावानं बोलावलं होतं मस्कतले. मी नाही गेलो. आम्ही थांबलो म्हणून गावागावात लाइट गेली. सगळे पळाले असते तं अंधारच राहिला असता.”

मी इंग्रजीत सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“अंकल, तुम्हाला खांब कुणी दिले?”

“खात्यानं दिले. दुसरं कोण देईन?”

“आणि तार?”

“तेही खात्यानंच.”

“पगार वेळेवर व्हायचा?”

“व्हायचा.”

“मग तुम्ही थांबलात ते बरोबरच केलंत,” ती म्हणाली. “मला खांब द्या, मीही थांबते. आमच्याकडे नुसतं थांबा म्हणतात.”

मी भाषांतर केलं. बाबांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि थेट मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायला लागले. रुग्णालयाची लाइन कुठून येते? सबस्टेशन किती लांब? गावात दुसरं कुणाकडे वीज जात नाही का? तिनं सांगितलं, कोपऱ्यावर शीतपेयांचा कारखाना आहे आणि अधिकाऱ्यांचे बंगले आहेत, तिकडची वीज सहसा जात नाही.

“म्हणजे कारखान्याले वेगळा फीडर हाय,” बाबा म्हणाले. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघालेली लाइन. “मंग दवाखान्याले काहून नाही? कारखान्याच्या लाइनीवरून दवाखान्याले जोडता येते. एवढं काही कठीण काम नाही हे. कोणी मागितलं काय?”

पडद्यावरची मुलगी म्हणाली, “मला वाटायचं, वीज सगळीकडेच तशी असते. म्हणजे... नशिबासारखी.”

“लाइटीत नशीब नसते,” बाबा म्हणाले. मी तेही भाषांतर करून सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला परत यायचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लुआसमध्ये, म्हणजे इकडच्या ट्रॅममध्ये, बसलो असताना मीच म्हटलं, “बाबा, मला अजून ठरवता येत नाहीये. आणि त्याची मला लाजही वाटत नाही.” ट्रॅमच्या वरच्या तारेकडे बघत ते म्हणाले, “ठरव सावकाश. माह्यासाठी ठरवू नको.” एवढंच. इतकी वर्षं मी जे बोलायला घाबरत होते, ते त्या मुलीच्या जोरावर मी बोलून गेले होते.

तिची खरी मुलाखत झाली ती एका आयरिश विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी. संपल्याबरोबर तिनं आम्हाला फोन केला. आधी खूप हसली. तो प्रश्न आला होता. विचारणारे प्राध्यापक वयस्कर, प्रेमळ आवाजाचे. देशातले सगळे हुशार लोक निघून गेले तर देशाचं काय होणार, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, असं ती म्हणाली.

“मग तू काय म्हणालीस?” फ्लॅटमेटनं विचारलं.

“मी म्हटलं, सर, तुमच्याकडे शिकून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलांना तुम्ही हे विचारता का?”

“अरे देवा,” फ्लॅटमेट म्हणाली.

“ते म्हणाले, नाही विचारत. मी म्हटलं, मग मलाही विचारू नका. माझ्या देशाचं काय होणार ते ठरवायला मी एकटी पुरणार नाही. मी यंत्र नीट शिकून घेईन, एवढं वचन देते. बाकीचं वचन देणं म्हणजे तुमच्याशी खोटं बोलणं होईल.”

मग हसता हसता ती रडायला लागली. शिष्यवृत्ती मिळाली नाही. कारण काही कळवलं नाही, ते कळवतही नाहीत. फ्लॅटमेट ‘मी सांगत होते’ म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मलाही तेच म्हणायचं होतं माझ्या वेळी. म्हटलं नाही.”

पुढच्या शनिवारपासून तिनं ती पाठ करायची उत्तरं देणं बंद केलं. मुलांना म्हणायची, तुम्हाला खरंच परत यायचं असेल तर तसं सांगा. नसेल तर तेही कसं सांगायचं ते आपण शोधू. काहींना ते पटलं नाही, ते दुसरीकडे सराव करायला गेले.

मुलगी वर्षभर गावातच राहिली. त्याच रुग्णालयात बिनपगारी जाऊन नादुरुस्त पडलेली यंत्रं उघडून बघायची. आणि बाबांनी सांगितलेलं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. सबस्टेशनवर जाऊन तिनं लाइनींचा नकाशा मागितला, मिळाला नाही, तर तारांच्या मागे मागे चालत स्वतः काढला. त्याचे फोटो ती बाबांना पाठवायची. बाबा अमरावतीहून लाल पेनानं खुणा करून परत पाठवायचे. वीज खात्याकडे, आरोग्य खात्याकडे तिनं अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. मावशी त्या पावसाळ्यात गेली. त्याबद्दल ती आमच्याशी एकदाच बोलली आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिला आयर्लंडमधल्याच स्लायगोच्या विद्यापीठात जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. त्या मुलाखतीत कुणी परत जाण्याचं विचारलं नाही. यंत्रांबद्दलच बोलणं झालं, आणि ते लांबलं. आम्ही दोघी तिला विमानतळावर घ्यायला गेलो. पडद्यावर उंच वाटायची, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होती.

ती आल्यावर काही आठवड्यांनी डब्लिनच्या एका हॉलमध्ये नायजेरियन विद्यार्थ्यांची सभा होती. त्यांच्या देशातून एक बडे अधिकारी आले होते. फ्लॅटमेटनं मलाही नेलं. “आता युअर मॅन काय म्हणतो बघ,” ती कानाशी म्हणाली. कुठल्याही तिऱ्हाईत पुरुषाला इकडे युअर मॅन म्हणतात, आणि आम्हालाही ती सवय लागली होती. साहेब छान बोलले. देश तुमची वाट पाहतोय, म्हणाले. तुम्ही सटकलात तर उद्याचा देश कोण घडवणार, म्हणाले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा ती उठली. गावाचं नाव सांगितलं, रुग्णालयाचं सांगितलं. “कारखान्याची लाइन रुग्णालयाच्या भिंतीला लागून जाते. जोडायला काही खांब आणि एक स्विच लागतो. नकाशा माझ्याकडे आहे. हे काम कधी होईल?”

साहेब हसले. “मला लिहून पाठवा.”

“लिहून पाठवलंय, सर. उत्तर आलं नाही. म्हणून इथे उभी राहून विचारतेय. उत्तरही इथेच द्या, सगळ्यांसमोर.”

साहेब म्हणाले, हा तपशिलाचा प्रश्न आहे, आज आपण भविष्याबद्दल बोलतोय.

“मीही त्याबद्दलच बोलतेय,” ती म्हणाली.

मागून कुणीतरी टेबलावर थाप मारली. मग दुसऱ्यानं. मग फ्लॅटमेटनं, दोन्ही हातांनी. मीसुद्धा मारली, माझा देश नव्हता तरी. साहेबांनी घड्याळ पाहिलं, सूत्रसंचालकानं आभार मानले, आणि सभा संपली. पण ती खाली बसली नव्हती. लोक खुर्च्या सरकवत उठले ते तिच्याभोवती जमले. एकजण म्हणाला, माझ्याही गावात असंच आहे. एक नर्स म्हणाली, मी इकडे ट्रलीच्या रुग्णालयात आहे, मला तो नकाशा पाठव. एकीनं विचारलं, नकाशा काढायचा कसा, ते शिकवशील का?

त्यातून त्यांचा एक गट झाला. आपापल्या गावच्या दवाखान्याच्या लाइनी शोधणारा. कुणी स्लायगोत, कुणी ट्रलीत, कुणी अजून तिकडेच. परत जाणारे आणि न जाणारे दोन्ही त्यात आहेत, आणि कोण कुठला हे तिथे कुणी विचारत नाही. तिच्या गावचे नवे अर्ज आता एकटीच्या सहीनं जात नाहीत. फ्लॅटमेटची पीएच.डी. संपली, ती इथेच नोकरीला लागली, आणि कुणी त्यावर बोललं तर ती दोन मिनिटांत त्याला गप्प करते.

हे लिहितेय तोवर तरी ती लाइन जोडली गेलेली नाही. साहेबांच्या कार्यालयातून एकदा फोन आला होता. हे असं सगळ्यांसमोर विचारणं योग्य दिसत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. ती त्या वेळी प्रयोगशाळेत होती. ग्लोव्हज काढून तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि पुढची सभा कधी आहे ते विचारलं.