रुखसानाबींच्या घराचं जोतं

आमच्या चर्चच्या गटाने आज इंझोरीजवळ पुरात पडलेलं रुखसानाबींचं घर बांधून पूर्ण केलं. नकाशा मी पुण्यात बसून काढला होता, गट बांधत असलेल्या सगळ्या घरांना सारखंच दोन फूट जोतं.

निघताना नाल्याकाठच्या बाभळीवर पुराच्या गाळाची रेघ दिसली. गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने रेघेची आणि घराची पातळी जुळवून पाहिली. रेघ नव्या फरशीच्या तीन फूट वर होती.

"काहून मोजून राह्यली वं पोरी?" रुखसानाबींनी विचारलं. मी रेघ दाखवली.

"मले मालूम हाय. तुमी शिकलेले लोक, म्हून बोलली नाई."

नाल्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. आजची रात्र उंचावरच्या शाळेत राहा असं मी म्हटलं, तर त्या नव्या घरात चूल पेटवायला बसल्या.

पाणी कुठवर चढलं होतं, हे मी त्यांना आधी एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या कामात कुणाला विचारायचं राहून गेलंय?