पाठीवरची चेन

लग्नात माइक धरणाऱ्या बाईने कसं दिसावं, हे अख्ख्या काराकोल शहराला सैकालने शिकवलं होतं. टाच उंच, कानात चांदीचे लोंबते डूल, आणि पाहुण्यांकडे पाठ म्हणून फिरवायची नाही. तमादा म्हणजे लग्नाचं तोंड, तेच सुतकी असलं तर जेवण कोणाच्या घशाखाली उतरणार?

आणि तिच्याच कपाळी हे आलं. नवरा, तालाय, गेला, अंगावर काळे कपडे आले. वर्ष भरलं की 'आश'चं जेवण घालायचं, मग सासरच्या बायकांनी आपल्या हाताने काळं उतरवून पांढरं नेसवायचं. तोवर बोलावणारं कोण? तिची सगळी लग्नं एक पोरगेली तमादा करायला लागली. अशा वेळी कॅफेवाल्या गुल्सूनचा फोन आला.

"आमची तमादा आजारी पडलीय. येतेस? पण काळ्या रुमालात येणार असशील तर घरीच बस बाई. लोक लग्नाला येतात, मयताच्या चाळिसाव्याला नाही."

आज नाही म्हटलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे सैकालला कळत होतं. सासूला, शारिपा आपाला, तिने सांगितलं, बहिणीकडे जातेय. म्हातारी नुसतं 'हं' म्हणाली.

कॅफेच्या मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर काळे कपडे टाकून तिने निळा झगा चढवला. पण मेली ती चेन! अर्ध्या पाठीपर्यंत आली आणि रुसली. आजवर ती तालाय लावायचा. लावून झाली की पाठीवर एक थाप मारायचा, "जा, बोल." सैकालला रडू फुटणार होतं, पण काजळ घातलेलं. तिने खांद्यावर शाल ओढली आणि बाहेर आली.

मग काय विचारता! एरवी टेबलांमधून भिरभिरणारी बाई, आज भिंतीला धरून खेकड्यासारखी तिरकी चालत होती. शाल घसरली की पटकन वर ओढायची. विनोद करत होती, लोक हसत होते, पण तिचं अर्धं चित्त पाठीवर.

तेवढ्यात नवऱ्यामुलाचा काका कानाशी आला. "आता आशीर्वादाला आमच्या आईची मैत्रीण. शारिपा आपा. उशिरा आल्यात, त्या टेबलावर बघा."

सैकालने बघितलं. म्हातारी तिच्याकडेच बघत होती.

आशीर्वादाला बोलवायचं तर तमादाने आधी त्या माणसाचं कौतुक करायचं. कोणासाठीही तिला चार ओळी सुचायच्या. आज एकही सुचेना. पळून जावंसं वाटलं. शेवटी म्हणाली, "या माझ्या सासूबाई. मी त्यांच्याशी खोटं बोलून इथे आलेय."

काठी टेकत शारिपा आपा आली, माइक घेतला, नवरा-नवरीकडे वळली. "दोघं बरोबरीने म्हातारे व्हा." सगळेच म्हणतात हे, पण तिचा आवाज मध्येच फुटला.

मग माइक काखेत दाबून ती सुनेच्या मागे गेली आणि शाल उचलली. सैकाल ताठ. आता ही चारचौघांत ओढत घरी नेणार.

"श्वास आत घे," म्हातारी हळूच म्हणाली. चेन सर्रकन वर गेली. "तालाय लावायचा ना ही?"

"हो, आपा."

"दारातून ऐकू यायचं मला. काळे कुठे टाकलेस?"

"बटाट्यांवर."

"झटकून आण. घरी अजून घालायचेत. आशच्या दिवशी मीच उतरवणार." आणि तिने माइक सुनेच्या हातात दिला, पाठीवर एक थाप मारली. "जा, बोल. लोक ताटकळलेत."

सैकालने तोंड भिंतीकडे केलं, डोळे पुसले. पाठ पाहुण्यांकडे होती, त्याची तिला पर्वा नव्हती. मग तिने पुढच्या पाहुण्याला हाक मारली.