फाटकापाशी केलेला भाव

"टेम्पो बाहेरच थांबीव. त्याला आत आणायचं न्हाय."

हुपरीजवळच्या आमच्या गावची रुद्रभूमी. आम्हा लिंगायतांचं दफन तिथंच होतं. टेम्पोत माझा थोरला भाऊ. फाशी दिलेला. फाटक अडवून समाजाचे अध्यक्ष उभे. चांदीची मोठी पेढी त्यांची, आणि ज्याच्या खुनापायी भावाला फाशी झाली, त्या गोळीनं गेलेल्या पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो पेढीवर.

भावाची भाड्याची जीप होती. गोळी झाडणाऱ्यांना त्यानं जीपमधून नेलं, आपल्या खोलीवर झोपवलं. कोर्ट म्हणालं, कटात होता. तुरुंगातल्या शेवटच्या भेटीत तो मला एवढंच म्हणाला, "तम्मा, अव्वाला इथं आणू नको." अव्वा म्हणजे आमची आई. खरं काय ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्यात मेलेल्याला आडवं नेत नाहीत. बसवतात. खड्ड्यातही बसवूनच पुरतात. त्याआधी जंगम, म्हणजे आमचे स्वामी, त्याच्या डोक्याला पाय लावतात. पाय लागला की माणूस सुटला. भावाची मान मोडलेली. अव्वा टेम्पोत त्याच्या मागं बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होती. हात काढले की डोकं छातीवर पडायचं.

मी घरोघरच्या कारागिरांकडून पैंजण घेऊन कर्नाटकात विकायचो. शाळा कमी, तोंड जास्त. भाव करण्यात मला कुणी हरवलं नव्हतं. म्हणून तिथंही मी भावच करायला लागलो.

"अध्यक्ष, मागचा कोपरा द्या. ओढ्याकडचा."

"लोक बघत्यात की."

"वाजंत्री लावत न्हाय."

"ती तर न्हाईच."

"वर दगड बसवत न्हाय. नाव घालत न्हाय."

"बरं. आणि?"

"वर्षाला कुणी येणार न्हाय. पूजा न्हाय."

ते मागच्या लोकांकडं वळून हसले. "गडी धंद्यात तयार झालाय की रं!" लोकही हसले. मग मला म्हणाले, "एक ऱ्हायलं. सगळ्यांम्होरं म्हण, ह्यो आमचा कोण न्हवं. तुझ्या आईनंबी म्हणायचं. मग स्वामी पाय लावतील."

स्वामी शेजारीच होते.

टेम्पोतून अव्वा ओरडली, "तम्मा, हात भरून आल्यात रं! आटप की!" इकडचं बोलणं तिच्या कानावर गेलंच नव्हतं.

डोळे उघडले ते तेव्हा. वाजंत्री, दगड, नाव, पूजा. एकेक सोडत मीच माझा भाऊ कमी करत आणला होता. समोरच्यानं काहीच सोडलं नव्हतं. ह्याला व्यवहार म्हणत नाहीत. ह्याला पायावर लोळणं म्हणतात.

"ह्यो माझा सख्खा भाऊ हाय," मी म्हणालो. "कटात असंल तरी हाय, नसंल तरी हाय. झाला तुमचा भाव."

"मग पाय मिळायचा न्हाय."

"ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी."

टेम्पो आमच्या रानात नेला. टेम्पोवाला कबनूरचा, ना नात्याचा ना गोत्याचा. त्यानं न सांगता फावडं हातात घेतलं. मी खड्ड्यात उतरून भावाचं डोकं धरलं, तो माती लोटत राहिला. माती हनुवटीपर्यंत आली तेव्हा मी हात काढले.

पुढं माझा धंदा वाढला. हसणाऱ्यांतलेच काही आज मला शेठ म्हणतात. त्यानं काही फिटलं नाही. "माझं लेकरू पाय न लागता गेलं," अव्वा रोज म्हणायची.

ती गेली तेव्हा अध्यक्षांनी माणूस धाडला. "म्हातारीचा काय दोष? तिला रुद्रभूमीत आणा म्हणत्यात अध्यक्ष." मी त्याला दारातूनच परत लावलं. अव्वाला भावाशेजारी बसवलं. पाय तिलाही लागला नाही. तिला तो हवा होता, हे मला माहीत होतं. तरी मी तो लागू दिला नाही.

रानात आता तिसरी जागा माझी. त्या फाटकापाशी माझ्यासाठी कुणी एक शब्दही बोलायचा नाही, असं मी पोरांना बजावून ठेवलंय.